पंचकल्याणी हद्दीबाहेर गेली

१

नाना वाघमोड्यांच्या पागेत त्रेचाळीस घोडे होते. दसऱ्याच्या संध्याकाळी सहा वाजता मोजले तर बेचाळीस भरले.

हे घोडे दाणावैरण खाणारे नव्हते. ‘आउटर ड्रिफ्ट’ नावाच्या ऑनलाइन खेळातली ती अंतराळयानं होती. जगभरातले हजारो लोक एकाच वेळी त्या आकाशात उडतात, यानं जमवतात आणि जमलं तर दुसऱ्याची फोडतात. नाना बहात्तर वर्षांचे. विद्युत मंडळातून निवृत्त झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, नानांनी हा नाद लावून घेतला. पणजोबा होळकरांच्या पागेत स्वार होते, म्हणून पणतूने यानांच्या हँगरला पागा म्हटलं, जॉयस्टिकला लगाम म्हटलं आणि एकेका यानाला घोड्याचं नाव दिलं. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला, नाद गेला नाही. लगाम डाव्या हातात आला. उजवीकडची बटणं दाबायला शेजारी लक्ष्मी बसू लागली. यान उडालं की त्याचे पाय आत घ्यायचे, उतरताना बाहेर काढायचे, हे तिचं काम.

लक्ष्मी म्हणजे नानांची देखभाल करणारी बाई. गौतमपुऱ्याकडची, पंचेचाळिशीची, नर्सिंग ब्युरोने पाठवलेली. ती नानांना अंघोळ घालायची, जेवू घालायची, आखडलेली बोटं एकेक करून मोकळी करायची आणि दुपारी त्यांच्याबरोबर अंतराळात जायची.

खेळाचा नियम साधा होता. आखलेल्या हद्दीच्या आत यान फुटलं तर दुसऱ्या दिवशी पागेत परत मिळतं. हद्दीबाहेर फुटलं की कायमचं गेलं. म्हणूनच पंचकल्याणी नावाचं यान हद्दीबाहेर कधी जात नसे. पहिल्या वर्षी खेळायला आलेल्यांनाच कंपनीने ते यान दिलं होतं, नंतर ते कोणालाही मिळालं नाही. नानांचा जीव होता त्या घोडीवर.

खंडेनवमीला सकाळी दहा वाजता पणजोबांच्या तलवारीशेजारी संगणक ठेवून पूजा झाली होती. पूजा उजव्या हातानेच करायची हा नानांचा हट्ट, म्हणून लक्ष्मीने त्यांचं मनगट धरलं. आरतीचं ताट घेऊन मनीष उभा होता, हा नानांचा खेळातला सोबती. लेक देवयानीने फोटो काढला. मग लगामावर झेंडूची माळ चढली. पुण्याहून चार वर्षांनी दसऱ्याला आलेला थोरला यतीन तेवढा नव्हता. सणाच्या दिवशीही त्याच्या ऑफिसची मीटिंग होती, आणि ती दार लावून चालली होती. पूजा झाल्यावर दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत संगणकाला कोणी बोट लावायचं नाही, ही वाघमोड्यांच्या घरची रीत. संध्याकाळी सीमोल्लंघन म्हणून नाना एखादं साधं यान हद्दीपार न्यायचे आणि परत आणायचे.

दसऱ्याला नानांनी माळ उतरवली. लगामाच्या मुठीवर हळदीचा गोल, त्याच्या मधोमध कुंकवाचं नेमकं बोट, वर दोन अक्षता. देवयानीने सवयीने याचाही फोटो घेतला. नाना त्या टिळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी पागा उघडली आणि पंचकल्याणी जागेवर नव्हती.

यानाच्या नोंदवहीत सगळं लिहिलेलं होतं. नवमी, दुपारी तीन चौदाला पागेतून बाहेर. तीन बत्तीसला हद्द ओलांडली. तीन चाळीसला नष्ट. आणि उडवलं होतं याच घरातल्या याच संगणकावरून.

“कोणी हात लावला?” देवयानीने विचारलं. तिचा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, आणि आज तर कारणही होतं.

“विचारायचं काय त्यात?” यतीन म्हणाला. “दुपारी नाना झोपलेले. तू दोनला हातोदला गेलीस, मनीष पावणेतीनला गेला, मी पलासियाला मित्राकडे. घरात कोण उरलं? अन् चालवता कोणाला येतं, बता?”

सगळ्यांची तोंडं दाराकडे वळली. दारात लक्ष्मी उभी होती, हातात आपट्याची पानं, सोनं द्यायला आलेली.

“ताई, मी तर गच्चीवर चादरी टाकत होते. खाली आले तेव्हा...”

“पुरे,” देवयानी म्हणाली. “तुला शिकवलं म्हणून तू एकटीने नेलीस? या घरात तुझ्यावर विश्वास टाकला होता आम्ही. सामान उचल.”

लक्ष्मीने नानांकडे पाहिलं. नाना खिडकीकडे बघत होते.

ती गेल्यावर देवयानीने तिथूनच ब्युरोच्या शिवांगी मॅडमना फोन लावला. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. “लेखी तक्रार उद्या सहापर्यंत पाठवा. आली की मी तिचं नाव कापते आणि बाकीच्या ब्युरोंनाही कळवते. मग तिला इंदूरमध्ये एकही घर मिळणार नाही, एवढं लक्षात असू द्या.”

“आहे लक्षात,” देवयानी म्हणाली.

२

देवयानी विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्यांची पाहणी करायची. गाडी कशी ठोकली गेली ते ती पत्र्यावरून सांगायची आणि मालक कुठे खोटं बोलतोय ते त्याच्या तोंडावरून. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाबूराव मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये उभी राहून एका हाताने लक्ष्मीविरुद्धची तक्रार फोनवर टाइप करत होती.

“मॅडम, ये देखो,” बाबूराव गाडीखालून बाहेर येत म्हणाले. “मालक म्हणतो रोजचा ड्रायव्हर होता. झूठ. हँडब्रेक ओढलेलाच ठेवून दहा किलोमीटर आणलीय. ब्रेकचे लायनर जळून गेले. रोजचा माणूस असं करील का? कोणी नवशिक्या बसला होता, मॅडम.”

देवयानीने मान डोलावली आणि तक्रारीत वेळ लिहायला घेतली. तीन चौदा ते तीन बत्तीस. तिथे तिचं बोट अडलं.

दर रविवारी ती नानांकडे चहाला जायची. यान उडालं की ती गॅसवर आधण ठेवायची, आणि चहाला उकळी येण्याआधी आतून लक्ष्मीचा आवाज यायचा, “हद्द आली नानाजी, वळवा आता.” हद्द जवळ आली की सगळ्यात आधी तीच घाबरायची. सहा मिनिटं लागायची त्या दोघांना, कधी सात झाली नाहीत.

नवमीला तेच अंतर कापायला अठरा मिनिटं लागली होती.

तिने फोन बंद केला. नोंदवही काल तिच्या हातात होती. परक्या माणसाच्या गाडीसाठी ती पत्र्याला पडलेला पोचासुद्धा तीनदा बघायची, आणि काल एका बाईची भाकरी काढून घेताना तिने साधी वजाबाकी केली नव्हती. आता तिला राग आला तो स्वतःचाच. पण स्वतःवर रागावून बसायची तिला सवय नव्हती, म्हणून ती गाडी काढून मनीषकडे निघाली.

३

मनीष पलासियाला एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. सुट्टीमुळे क्लास रिकामा होता आणि तो फळ्यासमोर डबा खात बसला होता. पंचकल्याणीला एकदा तरी हात लावू द्या म्हणून त्याने वर्षभर नानांच्या नाकी नऊ आणले होते, हे देवयानीला माहीत होतं. तिने बसायच्या आधीच विचारलं.

“नवमीला तीन ते चार कुठे होतास?”

“अपने कमरे में. गेम में.” मनीषने डबा बाजूला सारला. “दीदी, मुझ पे शक है क्या?”

“आहे.”

“हौ, तो फिर ये भी देख लो.” त्याने रागानेच मोबाइल तिच्यासमोर सरकवला. “मैंने पंचकल्याणी को बॉर्डर पे देखा था. मला वाटलं नाना आहेत. लिहिलं पण, की नाना, आज तो पूजा है. जवाब नहीं आया.”

मोबाइलवर त्या वेळच्या बोलण्याचा फोटो होता. मनीषच्या ओळीखाली कोणा अनोळखी खेळाडूने सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं, ‘मान गए सर, सच में आपके पास है.’

“सर तुलाच म्हणतात ना रे?” देवयानीचा आवाज चढला. “तुझे विद्यार्थी असणार ते.”

“इस शहर में हर दूसरा आदमी सर है, दीदी. चौकीदार भी मेरे को सर बोलता है.” मनीष उठून उभा राहिला. “मला ती घोडी चोरायची असती तर तिला अशी नेली असती? नीचे वाला फोटो देखो. ध्यान से.”

खालच्या फोटोत पंचकल्याणी हद्दीच्या लाल रेषेजवळ होती. रुपेरी, लांब मानेची, पाच ठिकाणी पांढरे पट्टे. आणि पोटाखाली तिचे चारही पाय लोंबत होते.

“पाय बाहेर आहेत,” देवयानी म्हणाली.

“पूरे रस्ते बाहेर. गेम में पाय बाहेर असले की इंजिन तिसरा हिस्साच जोर देतं. छह मिनट का रस्ता, अठारह मिनट.”

हिशेब देवयानीला आधीच येत होता, कारण आत्ता मिळालं. पाय आत घेणं हे लक्ष्मीचं रोजचं काम. ती झोपेतसुद्धा ते बटण चुकली नसती. मनीष तर दहा वर्षं खेळणारा. ज्याने ती घोडी नेली त्याला पाय आत घ्यायचे असतात हेच ठाऊक नव्हतं.

“काल रात्री कळलं तुला की लक्ष्मीला काढलं,” ती म्हणाली. “मग हे दाखवायला आला का नाहीस?”

मनीषने मान खाली घातली. “क्योंकि एक आदमी और है जिसके पाय बाहर रह सकते हैं. नाना. लक्ष्मीबाई शेजारी नसतील तर एका हाताने त्यांना ते बटण पोचत नाही. मला वाटलं त्यांनीच पूजा मोडली, घोडी पण गेली, अब सबके सामने क्या बोलूँ. बुजुर्ग हैं.”

म्हणजे हाही गप्प बसला होता, आदराने. देवयानीला आदर या शब्दाचाच संताप आला. सगळ्यांनी एकमेकांचा आदर राखला होता आणि त्याची किंमत मोजायला गौतमपुऱ्याची बाई सापडली होती.

आता दोनच माणसं उरली होती. एक तिचा बाप, दुसरा तिचा भाऊ.

४

नानांच्या घरी यतीन बॅग भरत होता. सातची फ्लाइट होती. घड्याळात पाच वाजत आले होते, आणि शिवांगी मॅडमचा ‘तक्रार कधी?’ असा मेसेज दोनदा येऊन गेला होता.

“दादा, नवमीला पूजेच्या वेळी तू बाहेर आला नाहीस?”

“सांगितलं ना, मीटिंग. एकदम बाराला आलो, जेवायला.” त्याने शर्टाची घडी घातली. “क्यों, काय झालं?”

“नानांनी पूजा केलेली तुला बघायलाच मिळाली नाही.”

“अगं, जन्मभर पाहिलीय. तेच गंध, तेच पळीपंचपात्र, तोच गोल टिळा. बटण दाबून काढल्यासारखा. लहानपणी मी म्हणायचो नाना, कंपास लावला का?” तो हसला. “तक्रार पाठवलीस?”

“पाठवते.”

“पाठव लवकर. अशा लोकांना सूट दिली ना, की डोक्यावर बसतात. मी तर म्हणतो नानांना पुण्याला चांगल्या ठिकाणी ठेवू. ट्रेनिंग घेतलेले लोक असतात तिथे.”

‘कंपास’ हा शब्द देवयानीच्या कानात अडकून राहिला होता. ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला टेकून तिने फोनमधले दोन फोटो शेजारी शेजारी लावले. एक नवमीचा, माळ चढवण्याआधीचा. दुसरा दसऱ्याचा, माळ उतरवल्यावरचा. तोच लगाम, तीच मूठ.

गॅरेजमध्ये ती रोज हेच करायची, अपघाताआधीचा फोटो आणि नंतरचा. इतकं सोपं होतं ते की तिला भिंतीवर हात आपटावासा वाटला.

तिने नानांच्या खोलीत जाऊन त्यांना उठवून बसवलं आणि यतीनला हाक मारली.

५

“बस दादा,” ती म्हणाली. “पाच मिनिटं लागतील.”

यतीन दारातच उभा राहिला. देवयानीने नवमीचा फोटो उघडून फोन नानांच्या पांघरुणावर ठेवला.

“हा टिळा नानांनी लावला. उजव्या हाताने. लक्ष्मीने मनगट धरलं होतं, तरी बोट थरथरलं. बघ, हळदीचा फराटा बोटभर खाली ओघळलाय आणि कुंकू हळदीला लागलेलंच नाही, बाजूला पडलंय. हा दुसरा फोटो दसऱ्याचा. गोल टिळा, मधोमध कुंकू, कंपास लावल्यासारखा. रात्रीत नानांचा हात बरा झाला का?”

यतीन दोन पावलं आत आला.

“ज्याने घोडी नेली त्याला लगाम धरायला माळ काढावी लागली. हातात टिळा फिसकटला. परका असता तर त्याने माळ तशीच परत अडकवली असती आणि पळाला असता. फार तर कुंकवाचं एक बोट टेकवलं असतं. या माणसाने मूठ पुसली, देवघरातून वाटी आणली, आधी हळद, मग कुंकू, मग अक्षता. खंडेनवमीची मोडलेली पूजा तशीच टाकून जायची त्याची छाती झाली नाही. वाघमोड्यांच्या घरात वाढलेल्याचीच होणार नाही.”

“मग लक्ष्मीने केलं असेल. ती रोज बघते की हे सगळं.”

“लक्ष्मीने तो वाकडा टिळा स्वतः नानांचा हात धरून काढला होता. मनीष समोर उभा होता. मी फोटो काढत होते. नानांना तर ठाऊकच होतं, आणि मनात आणलं तरी त्यांना असा गोल काढता आला नसता. आमच्यापैकी कोणीही परत काढायला बसलं असतं तर वाकडाच काढला असता, नाहीतर पकडले गेलो असतो. गोल टिळा फक्त एकच माणूस काढील. ज्याने नानांना आजारपणानंतर पूजा करताना एकदाही पाहिलेलं नाही. ज्याला अजून वाटतं की नानांचा टिळा तसाच गोल असतो.”

तिने यान उडवल्याची, पायांची आणि अठरा मिनिटांची गोष्टही सांगितली, पण त्याची गरज उरली नव्हती. यतीन खुर्चीवर बसला होता.

“मला वाटलं माझ्याच हाताने फिसकटला,” तो म्हणाला. “म्हणून नीट काढला.”

“कशासाठी नेलीस?”

“ऑफिसातली दोन पोरं हा गेम खेळतात. मी बोललो होतो, माझ्या वडिलांकडे पंचकल्याणी आहे. त्यांना खरं वाटेना. सुट्टी होती, ऑनलाइन होते, म्हटलं दाखवून आणतो.” त्याने कपाळ चोळलं. “हद्दीवरून परत फिरणार होतो मी. ते म्हणाले सर, जरा बाहेर या, फोटो काढतो. बाहेर लुटारू टपलेलेच होते. आठ मिनिटांत खेळ खलास. यार, मुद्दाम नाही केलं मी.”

“घोडी मुद्दाम नाही गेली. मान्य. आणि लक्ष्मी?”

“मी फक्त म्हटलं घरात कोण होतं. काढलं तर तू.”

हे खरं होतं आणि म्हणूनच देवयानीच्या डोक्यात तिडीक गेली. “हो, मी काढलं. तुझ्या तोंडावर विश्वास ठेवून काढलं. चव्वेचाळीस वर्षांचा घोडा झालास, एका खेळण्याची चूक कबूल करायची लाज वाटली, आणि एक बाई जन्मातून उठली तरी चाललं तुला. सामान घेऊन ती जिना उतरत होती तेव्हा तू श्रीखंड खात होतास.”

“हळू बोल,” नाना म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. आजारापासून नाना शब्द मोजून मापून वापरायचे. त्यांनी दसऱ्याचा फोटो दाखवणारा फोन डाव्या हाताने उलटा करून ठेवला.

“माळ काढली तेव्हाच कळलं मला. माझा टिळा नव्हता तो. यतीन लहानपणी माझं बघून तसाच काढायचा.”

देवयानीला क्षणभर वाटलं आपण चुकीचं ऐकलं. “तुम्हाला माहीत होतं? आणि तिला जाऊ दिलंत?”

“पोटचा आहे तो,” नाना म्हणाले. “चार वर्षांनी आला होता.”

“ती दोन वर्षं रोज येत होती, नाना.”

नानांनी तोंड फिरवलं. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. देवयानीने शिवांगी मॅडमना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि यतीनच्या पुढ्यात धरला. “बोल. नाव सांग, काय केलंस ते सांग, आणि तिने काही केलं नाही हे दोनदा सांग. नाहीतर हेच मी तुझ्या ऑफिसातल्या त्या दोन पोरांना सांगते.”

यतीन बोलला. अडखळत बोलला, पण सगळं बोलला. शिवांगी मॅडमनी शेवटी एवढंच विचारलं, “तक्रार मागे, असं लेखी देणार ना?” ते देवयानीने तिथेच बसून लिहून पाठवलं, सहाला दहा मिनिटं कमी असताना.

“आता गाडीत बस,” ती यतीनला म्हणाली. “तिच्या घरी जाऊ.”

यतीनने घड्याळ पाहिलं. “माझी फ्लाइट आहे, देवू. मी फोनवर सॉरी म्हणतो ना तिला.”

६

लक्ष्मी हातोदच्या रस्त्याला एका चाळवजा इमारतीत खोली घेऊन राहत होती. देवयानी पोचली तेव्हा ती दारात बसून लसूण सोलत होती. तिने उठून खुर्ची दिली, पाणी दिलं. शेजारच्या दोन बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि देवयानीने ठरवलं की बरंच झालं, ऐकू दे त्यांनाही.

तिने सगळं सांगितलं, मोठ्याने. घोडी यतीनने नेली, लक्ष्मीने नाही. ब्युरोत नाव साफ आहे. चूक आपली होती, आपण तिला बोलूही दिलं नाही.

“यतीन भिया नाही आले?” लक्ष्मीने विचारलं.

“त्याची फ्लाइट होती.”

लक्ष्मीने मान हलवली, जणू तिला तेच अपेक्षित होतं. “चार वाजता मी चादरी घेऊन खाली आले ना, तेव्हा भिया हळदीची वाटी देवघरात ठेवत होते. हात पिवळा होता. मला वाटलं, चलो, घरचा लेक आहे, पूजेला नव्हता म्हणून आता करतोय. मला बरंच वाटलं.”

बाबूराव, मनीष, अठरा मिनिटं, दोन फोटो, दिवसभराची सगळी धावाधाव, आणि ज्या बाईला देवयानीने सगळ्यात आधी हाकललं तिला उत्तर पहिल्यापासून माहीत होतं.

“तुम्ही हे सांगत होतात,” ती म्हणाली.

“सांगतच होते.” लक्ष्मी परत लसूण सोलू लागली. “नानाजींचा हात कसा आहे? आज बोटं मोकळी केली का कोणी?”

“नाही.”

“मग आखडला असेल. कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवायचा. मग करंगळीपासून सुरू करायचं, अंगठ्यापासून नाही. ते ओरडतील, पण सोडायचं नाही. एक दिवस चुकला तर चार दिवस मागे जातो तो हात.”

“तुम्हीच करा ना,” देवयानी म्हणाली. आपण लक्ष्मीला तुम्ही म्हणतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही. “उद्यापासून या. यतीन गेला आता. मी नानांनाही बोलले आहे. परत असं होणार नाही.”

लक्ष्मीने ताटली बाजूला ठेवली आणि पदराला हात पुसले. तिच्या आवाजात रडणं नव्हतं, राग होता, आणि तो कालपासून ठेवणीतला होता.

“ताई, तुम्ही आलात, चार लोकांत बोललात, माझं नाव साफ केलं. ते मी विसरणार नाही. ब्युरोवाल्या मॅडमचा फोन येऊन गेला, सोमवारपासून दुसरं घर आहे मला. पण तुमच्याकडे मी येत नाही. मला चोर ठरवायला तुम्हाला पाच मिनिटं पण नाही लागली. भियाला ठरवायला फोटो लागले, हिशेब लागला, सारा दिवस लागला. उद्या घरात चमचा हरवला तरी पहिली पाच मिनिटं माझीच असतील.”

रागाला देवयानीकडे कधी तोटा नव्हता. या वेळी मात्र तो कोणावर काढावा ते तिला कळेना, कारण बाई बोलली त्यात एक शब्द खोटा नव्हता. ती नानांच्या घरी गेली, पाणी कोमट केलं आणि नानांची करंगळी धरली. नाना ओरडले. तिने सोडलं नाही.